अ‍ॅरेला मेथड शिकवावी की अट लिहावी?

वाचकांचे प्रश्न : वेब प्रोग्रॅमिंग

(छपाईच्या सोयीसाठी कोडमधील इंग्रजी शब्द आणि आकडेही येथे देवनागरीत दिले आहेत. संगणकावर लिहिताना ते अर्थातच रोमन लिपीत लिहावेत.)

प्रश्न : दूध संस्थांसाठी संकलनाचे सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या सांगली जिल्ह्यातील एका लहान संघात मी काम करतो. माझी सुरुवात सी शार्पमध्ये झाली असल्याने त्यातील ‘लिंक’ या, याद्यांमध्ये शोध घेण्याच्या सोयीतील व्हेअर, सिलेक्ट, ऑर्डरबाय या मेथड (ऑब्जेक्टला जोडलेली फंक्शने) हातात बसल्या आहेत. अहवालाची पाने ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्टने करू लागलो, तेव्हा तिथेही तशीच सोय असावी म्हणून मी अ‍ॅरेच्या प्रोटोटाइपवर (ज्या सामाईक ऑब्जेक्टकडून सर्व अ‍ॅरेंना, म्हणजे याद्यांना, मेथड मिळतात त्यावर) व्हेअर, फर्स्ट आणि टोटल अशा तीन मेथड जोडल्या. माझ्या पानावर सर्व सुरळीत चालले. परंतु तीच फाइल आमच्या एका जुन्या पानाला जोडताच तिथल्या १२ सभासदांच्या तक्त्यात १५ ओळी दिसू लागल्या. शेवटच्या तीन ओळींत नावाच्या जागी ‘अनडिफाइन्ड’ (किंमतच नाही) येते आणि एकूण लिटरच्या जागी ‘नॅन’. जुन्या पानाच्या कोडला मी हातही लावलेला नाही. चूक माझी की त्या पानाची? आणि अशा मेथड जोडण्याची योग्य रीत कोणती?

उत्तर : दोष दोन्हीकडे आहे, पण तो सारखा नाही. जुन्या पानात अ‍ॅरेवर ‘फॉर-इन’ हा लूप फिरवलेला असणार. सी शार्पमधील ‘फॉरईच’ची सवय असलेल्या माणसाला ‘फॉर-इन’ हे त्याचेच जावास्क्रिप्टमधील रूप वाटते, पण ते तसे नाही. ‘फॉरईच’ यादीतील घटक एकामागून एक हाती देते. ‘फॉर-इन’ मात्र घटक न देता ऑब्जेक्टच्या गुणधर्मांची नावे देते, आणि ती देताना ऑब्जेक्टच्या स्वतःच्या गुणधर्मांवर न थांबता प्रोटोटाइपकडून वारशाने आलेले, मोजणीत धरण्याची खूण असलेले गुणधर्मही त्यात घेते. तुमच्या अ‍ॅरेत ० ते ११ अशी बारा नावे होती (आणि तीसुद्धा आकडे म्हणून नव्हे, तर मजकूर म्हणून). साध्या नेमणुकीने प्रोटोटाइपवर ठेवलेली प्रत्येक गोष्ट मोजणीत धरली जात असल्याने तुमच्या तीन मेथडची नावे त्यात मिसळली. तेराव्या फेरीत लूपच्या हाती सभासद आलाच नाही, तुमचे व्हेअर हे फंक्शन आले. त्याला सभासदाचे नाव विचारले, तर तसा गुणधर्म नसल्याने अनडिफाइन्ड. लिटर विचारले, तरी अनडिफाइन्ड. आणि आकड्यात अनडिफाइन्ड मिळवला की बेरीज ‘नॅन’, म्हणजे ‘हा आकडाच नव्हे’, अशी होते. एकदा ती तशी झाली की पुढे कितीही लिटर मिळवले तरी ती तशीच राहते.

जुन्या पानाची चूक एवढीच, की त्याने अ‍ॅरेवर ‘फॉर-इन’ वापरले. तिथे ‘फॉर-ऑफ’ हवे होते. ते २०१५ च्या आवृत्तीपासून भाषेत आहे आणि घटकच देते. तरीही ते पान तुम्ही येईपर्यंत बिनचूक चालत होते, आणि चालत्या पानाला दुसऱ्या कोणाच्या फाइलमुळे ठेच लागली, तर त्या पानाच्या लेखकाने तुमच्याकडे बोट दाखवले म्हणून त्याला दोष देता येणार नाही.

आता तुमच्या बाजूचा तातडीचा उपाय. ऑब्जेक्ट.डिफाइनप्रॉपर्टी हे फंक्शन २००९ च्या पाचव्या आवृत्तीपासून भाषेत आहे. त्याच्याद्वारे गुणधर्म ठेवला आणि वेगळे काही सांगितले नाही, तर तो मोजणीत धरला जात नाही. तुमच्या तिन्ही मेथड अशा रीतीने ठेवल्यात, तर जुन्या पानावरील तीन जादा ओळी आजच नाहीशा होतील. पुष्कळ जण उत्तर इथेच संपवतात. माझ्या मते खरा प्रश्न इथून सुरू होतो, कारण दिसणारे लक्षण गेले तरी मूळ अडचण तशीच राहते.

ती अडचण समजण्यासाठी सी शार्पमध्ये नेमके काय घडते ते पाहिले पाहिजे. ‘लिंक’ ही सोय नोव्हेंबर २००७ मध्ये डॉटनेट ३.५ आणि सी शार्प ३.० यांच्याबरोबर आली. तिच्यातील व्हेअर ही यादीच्या अंगावर बसवलेली मेथड नव्हे. ते एका स्वतंत्र वर्गातील स्थिर फंक्शन असते, ज्याला एक्स्टेन्शन मेथड म्हणतात. तुमच्या फाइलच्या वरच्या बाजूला ‘यूझिंग’ची योग्य ओळ (किंवा संपूर्ण प्रकल्पासाठी तशी एकत्रित ओळ) असेल, तरच कंपायलर ‘यादी.व्हेअर’ असे लिहिलेले वाचून त्याचे त्या स्थिर फंक्शनच्या हाकेत रूपांतर करतो. शेजारच्या फाइलला ती ओळ लागू नसेल, तर त्या फाइलपुरते व्हेअर अस्तित्वातच नसते. दोन लायब्रऱ्यांनी एकाच नावाची एक्स्टेन्शन मेथड आणली आणि ती हाक संदिग्ध झाली, तर कंपायलर तिथेच अडवतो. आणि यादीच्या वर्गातच त्या नावाची चालण्याजोगी मेथड असेल, तर तिचाच मान पहिला. म्हणजे लिहिण्याची सोय मेथडची असली, तरी मामला घरच्या घरात राहतो.

जावास्क्रिप्टच्या प्रोटोटाइपला असे कुंपण नाही. एका पानावर चालणाऱ्या सर्व स्क्रिप्टसाठी, मग त्या तुमच्या असोत, तारीख निवडण्याच्या एखाद्या विजेटच्या असोत किंवा आलेख काढणाऱ्या लायब्ररीच्या असोत, अ‍ॅरेचा प्रोटोटाइप हा एकच ऑब्जेक्ट असतो. गावच्या विहिरीत औषध टाकावे आणि ते माझ्याच घागरीत उतरावे अशी अपेक्षा धरावी, तसा हा प्रकार आहे. उलट बाजूने पाहिले, तर आयफ्रेममधील (पानाच्या आत बसवलेल्या दुसऱ्या) पानाचा प्रोटोटाइप वेगळा असतो, त्यामुळे तिथून आलेल्या अ‍ॅरेवर तुमचे व्हेअर सापडतच नाही.

हा धोका केवळ पुस्तकी नाही. २००५ मध्ये आलेल्या आणि रूबी ऑन रेल्सच्या (रूबी भाषेतील वेब-चौकटीच्या) जगात वाढलेल्या ‘प्रोटोटाइप’ याच नावाच्या लायब्ररीने अ‍ॅरेवर डझनावारी मेथड बसवल्या होत्या. त्यांत सिलेक्ट होती, पण तिचा अर्थ रूबीतला, म्हणजे ‘अटीत बसणारे निवडा’. ‘लिंक’मधील सिलेक्टचा अर्थ एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेतला, म्हणजे ‘प्रत्येक नोंदीतून हवा तो भाग घ्या’. एकच नाव, एकच जागा आणि दोन निरनिराळी कामे. अशा पानावर तुम्ही आपले सिलेक्ट बसवले असते, तर जी फाइल शेवटी चढते तिचे राज्य आले असते आणि दुसरीचे हिशोब कोणताही त्रुटी-संदेश न देता बिघडले असते. त्याच लायब्ररीने अ‍ॅरेवर टूजेसन नावाची मेथडही ठेवली होती. पुढे ब्राउझरमध्ये मूळचेच जेसन.स्ट्रिंगिफाय (डेटाचा पाठवण्याजोगा मजकूर करणारे फंक्शन) आले, आणि ते तर टूजेसन दिसली की तिलाच विचारते. परिणामी सर्व्हरकडे यादीऐवजी अवतरणचिन्हांत गुंडाळलेला यादीचा मजकूर जाऊ लागला.

याहून बोलके उदाहरण मार्च २०१८ मधले आहे. यादीतील याद्या सपाट करणारी फ्लॅटन ही मेथड भाषेत यायची होती. फायरफॉक्सच्या चाचणी आवृत्तीत ती घालताच एक संकेतस्थळ मोडले, कारण त्यावर मूटूल्स ही जुनी लायब्ररी होती आणि तिने त्याच नावाची स्वतःची मेथड अ‍ॅरेवर ठेवली होती. येथील गंमत तुमच्या प्रश्नाशी थेट जुळते. मूटूल्स आपल्या मेथडने भाषेतील मेथड झाकून टाकत होती, तेव्हा वरवर पाहता काही बिघडायला नको होते. पण ती लायब्ररी पुढे ‘फॉर-इन’ चालवून अ‍ॅरेच्या सर्व मेथड स्वतःच्या दुसऱ्या एका ऑब्जेक्टवर उतरवून घेत असे. भाषेत मुळातच असलेली मेथड मोजणीत धरली जात नाही, आणि तिच्या जागी साध्या नेमणुकीने दुसरे फंक्शन ठेवले, तरी जागेची ती खूण बदलत नाही. त्यामुळे फ्लॅटन उतरवलीच गेली नाही आणि पान कोसळले. ‘स्मूश’ असे नाव द्यावे, अशी थट्टेची सूचनाही त्या वेळी झाली. शेवटी नाव ‘फ्लॅट’ ठरले आणि ती मेथड २०१९ च्या आवृत्तीत आली. म्हणजे ज्यांनी भाषा घडवायची त्यांना कधीकाळी कोणीतरी प्रोटोटाइपवर ठेवलेल्या नावापुढे वाट बदलावी लागली. आज आपण जे ‘इन्क्लूड्स’ लिहितो, त्याचे नावही आधी ‘कन्टेन्स’ ठरत होते आणि ते अशाच कारणाने बदलावे लागले. नोंदींचे गट पाडणारी सोय तर अ‍ॅरेची मेथड म्हणून येता येताच अडली, आणि २०२४ च्या आवृत्तीत ऑब्जेक्ट.ग्रुपबाय व मॅप.ग्रुपबाय अशी, अ‍ॅरेच्या बाहेर, राहायला गेली.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे : केवळ स्वतःच्या पानासाठी, स्वतःच्याच अखत्यारीत, दुसरी एकही लायब्ररी नसताना प्रोटोटाइपवर मेथड जोडणे हा फार तर वैयक्तिक आवडीचा भाग आहे, परंतु जी फाइल दुसऱ्या पानाला जोडली जाणार आहे, तिने अ‍ॅरेच्या प्रोटोटाइपला स्पर्श करू नये. (जुन्या ब्राउझरमध्ये नसलेली, पण मानकात असलेली मेथड मानकाबरहुकूम भरून देणे ही वेगळी गोष्ट आहे, तिथे नाव आणि अर्थ दोन्ही आधीच ठरलेले असतात.)

आता सोयीचा मुद्दा. तुम्हाला हवे असलेले बरेचसे आधीपासूनच अ‍ॅरेत आहे, फक्त नावे निराळी आहेत. व्हेअरचे काम फिल्टर करते आणि सिलेक्टचे मॅप. हे दोन्ही फायरफॉक्सच्या १.५ आवृत्तीत २००५ सालीच होते आणि २००९ मध्ये मानकात आले. एनीसाठी सम (बेरजेचे नव्हे, ‘काही’ या अर्थाचे), ऑलसाठी एव्हरी, अ‍ॅग्रीगेटसाठी रिड्यूस, सिलेक्टमेनीसाठी फ्लॅटमॅप. दोन ठिकाणी मात्र सवय दगा देते. सी शार्पमध्ये अट न देता विचारलेले एनी ‘यादीत काही आहे का’ असे विचारते. जावास्क्रिप्टमधील समला फंक्शन दिले नाही, तर ते टाइपएरर फेकते, त्यामुळे तिथे सरळ लेंग्थ पाहावी. दुसरे म्हणजे फर्स्ट. काही सापडले नाही, तर सी शार्पमधील फर्स्ट अपवाद फेकते, आणि जावास्क्रिप्टमधील फाइंड निमूटपणे अनडिफाइन्ड देते. तुमच्या हिशोबात तो अनडिफाइन्ड शिरला, की वर पाहिलेला ‘नॅन’ पुन्हा दारात उभा.

हे सर्व असूनही ‘क्वेरीसारखे’ लिहिल्याचे समाधान मिळत नाही, अशी तुमची तक्रार असेल, तर ती रास्त आहे. ‘गाव अमुक, सत्र सकाळचे, आणि फॅट ३.५ किंवा अधिक’ ही अट प्रत्येक वेळी लांबलचक बाणफंक्शनात (बाणाच्या चिन्हाने लिहिलेल्या फंक्शनात) लिहिणे कंटाळवाणे होते. परंतु तुम्ही नीट पाहिलेत, तर इथे कमतरता अ‍ॅरेत नाही, फिल्टरला आपण जी अट देतो ती लिहिण्याच्या रीतीत आहे. फिल्टर हे एक फंक्शन मागते. ते फंक्शन बनवून देणारे दुसरे फंक्शन लिहायला कोणाचीच परवानगी लागत नाही आणि त्याने कोणाच्या विहिरीचे पाणीही गढूळ होत नाही.

समजा, त्याचे नाव ‘जुळते’ ठेवले. (जावास्क्रिप्टमध्ये फंक्शनची नावे देवनागरीत चालतात, राखीव शब्द तेवढे रोमनच.) ‘जुळते’ला आपण अपेक्षित नोंदीचा नमुना द्यायचा आणि ते अट तपासणारे फंक्शन परत देईल. वापर असा दिसेल :

नोंदी.फिल्टर(जुळते({ गाव: ‘तासगाव’, सत्र: ‘सकाळ’, फॅट: किमान(३.५) }))

आतले काम चार ओळींचे आहे. नमुन्याच्या गुणधर्मांची नावे ऑब्जेक्ट.कीज या फंक्शनने घ्यावीत आणि त्यांवर एव्हरी चालवावे. प्रत्येक नावासाठी नमुन्यातील किंमत फंक्शन असेल, तर नोंदीतील किंमत तिला देऊन उत्तर घ्यावे, आणि फंक्शन नसेल, तर दोन्ही किमती तीन बरोबरच्या चिन्हाने ताडून पाहाव्यात. ‘किमान’ हे त्याहून लहान : मर्यादा घेते आणि ‘दिलेला आकडा या मर्यादेइतका किंवा अधिक आहे का’ हे सांगणारे फंक्शन देते. त्याच धर्तीवर ‘दरम्यान’, ‘यापैकी’, ‘नाही’ अशी फंक्शने लिहिता येतात, आणि ‘नाही(यापैकी(...))’ अशी एकात एक बसवताही येतात. नमुना रिकामा दिला, तर एव्हरी होकार देते आणि सर्व नोंदी येतात. अट नसलेल्या क्वेरीने नेमके तेच करायला हवे.

या रचनेचा मोठा फायदा असा की ‘जुळते’ने दिलेली अट फिल्टरपुरती बांधलेली नसते. तीच फाइंडला दिली की पहिली नोंद मिळते, समला दिली की ‘अशी एखादी तरी आहे का’ हे कळते, एव्हरीला दिली की सर्व नोंदींची तपासणी होते. तुम्ही प्रोटोटाइपवर व्हेअर बसवले होते, तेव्हा नमुन्याने शोधण्याची सोय फक्त व्हेअरला मिळाली होती. फर्स्टसाठी तुम्हाला ती पुन्हा लिहावी लागली असणार.

एक सावधगिरी. सभासद क्रमांक पडद्यावरील चौकटीतून आला, तर तो मजकूर असतो आणि नोंदीत तो आकडा असतो. तीन बरोबरच्या चिन्हाला हे दोन्ही वेगळे दिसतात आणि फिल्टर रिकामी यादी देते. हा दोष शोधण्यात संध्याकाळ जाऊ शकते. रूपांतर चौकटीपाशीच करावे. ‘जुळते’ला सैल करून, दोन बरोबरच्या चिन्हाने, हा प्रश्न मिटवण्याचा मोह टाळावा, कारण त्या तुलनेत रिकामा मजकूर आणि शून्य समान ठरतात, आणि शून्य लिटर ही तुमच्या धंद्यात खरी नोंद असते.

बेरजेसाठी ‘टोटल’ हवेच असेल, तर ते साधे फंक्शन ठेवा : ‘एकूण(नोंदी, न => न.लिटर)’. ते मॉड्यूलमधून आयात केले, की ज्या फाइलला हवे तिलाच मिळेल. सी शार्पच्या ‘यूझिंग’ची शिस्त हीच. अ‍ॅरेपासून स्वतःचा उपवर्ग काढून त्यावर मेथड ठेवण्याचा मार्गही २०१५ पासून खुला आहे, आणि उपवर्गावर चालवलेले फिल्टर उपवर्गाचीच यादी देते हे खरे. पण सर्व्हरकडून जेसनमधून आलेली यादी साधीच असते, ती दर वेळी आठवणीने उपवर्गात घालावी लागते, आणि ती आठवण सर्वांना राहत नाही. मी स्वतः तो मार्ग एकदा धरून सोडून दिला आहे.

प्रश्न : फिल्टर, मग मॅप, मग पुन्हा फिल्टर असे जोडत गेल्यास प्रत्येक टप्प्यावर नवी यादी तयार होते. ‘लिंक’मध्ये तसे होत नाही असे ऐकले आहे. मोठ्या संस्थेसाठी हे संथ पडेल का?

उत्तर : आधी आकडा मांडू. १,२०० सभासद, दिवसाला दोन सत्रे आणि दहा दिवसांचे बिल धरले, तर २४,००० नोंदी होतात. एवढ्या नोंदींवर दोन-तीन याद्या बनणे ही आजच्या साध्या मोबाइललाही जाणवण्याजोगी गोष्ट नाही. पडद्यावर २४,००० ओळींचा तक्ता उभा करणे मात्र जाणवते. संथपणा असेल, तर तो आधी तिथे शोधावा.

तत्त्वतः तुम्ही ऐकले ते बरोबर आहे. ‘लिंक’मधील व्हेअर लगेच काहीच करत नाही, कोणी घटक मागेल तेव्हा एकेक नोंद संपूर्ण साखळीतून पुढे सरकते. म्हणून ‘कमी फॅटच्या पहिल्या पाच नोंदी’ मागितल्या, तर पाच मिळताच काम थांबते, आणि अ‍ॅरेचे फिल्टर मात्र सर्व २४,००० पाहिल्यावरच स्लाइसला (यादीचा तुकडा देणाऱ्या मेथडला) पुढची पाळी देते. हीच आळशी रीत जावास्क्रिप्टमध्ये २०१५ पासून जनरेटरने (मागेल तेव्हा एकेक घटक देणाऱ्या फंक्शनाने) लिहिता येत होती, आणि २०२५ च्या आवृत्तीत इटरेटरवरच (असे एकेक घटक देणाऱ्या ऑब्जेक्टवरच) फिल्टर, मॅप, टेक, ड्रॉप या मेथड आल्या आहेत. यादीच्या व्हॅल्यूजपासून सुरुवात करावी, फिल्टर आणि टेक(५) लावावे आणि शेवटी टूअ‍ॅरे म्हणावे. मात्र इटरेटर एकदाच वाचता येतो. तक्त्यासाठी तो वाचून झाल्यावर बेरजेसाठी पुन्हा वाचायला गेलात, तर बेरीज शून्य येईल आणि त्रुटी-संदेश कोणताही येणार नाही. दोनदा लागणारी गोष्ट आधी यादीत उतरवून घ्यावी.

प्रश्न : फिल्टरच्या अटीत सर्व्हरला विचारून ‘हा सभासद चालू आहे का’ हे पाहतो. फंक्शनला असिंक लावले आहे, अवेटही आहे, तरी सर्वच सभासद निवडले जातात. असे का?

उत्तर : असिंक फंक्शन उत्तर देत नाही, उत्तराचे वचन देते, त्याला प्रॉमिस म्हणतात. फिल्टर त्या वचनाची वाट पाहत नाही. हाती काहीतरी ऑब्जेक्ट आला आहे एवढेच ते पाहते, आणि जावास्क्रिप्टमध्ये कोणताही ऑब्जेक्ट होकारासारखाच धरला जातो, मग वचनाच्या आत पुढे नकार का निघेना. उपाय दोन टप्प्यांचा आहे. आधी मॅपने सर्व सभासदांसाठी वचने गोळा करावीत आणि प्रॉमिस.ऑलवर अवेट करून होकार-नकारांची यादी मिळवावी. नंतर साधे फिल्टर लावून, त्याच्या दुसऱ्या मापदंडात मिळणाऱ्या क्रमांकाने त्या यादीतील उत्तर पाहावे. अर्थात १,२०० सभासदांसाठी सर्व्हरकडे १,२०० फेऱ्या मारण्यापेक्षा चालू सभासदांचे क्रमांक एकाच फेरीत मागवून सेटमध्ये ठेवणे आणि अटीत सेटचे हॅज विचारणे कितीतरी बरे.

प्रश्न : गावे आणि आडनावे यांच्या क्रमाने यादी लावण्यासाठी ऑर्डरबायसारखे फंक्शन लिहिले, पण ‘काळे’ हे ‘कावळे’च्या आधी येते. मराठी क्रमाने यादी कशी लावावी?

उत्तर : सॉर्टला तुलना करणारे फंक्शन दिले नाही, तर ते घटकांचा मजकूर करून अक्षरांच्या संकेतांकांप्रमाणे क्रम लावते. (म्हणूनच १०, ९, १ हे आकडे दिले, तर क्रम १, १०, ९ असा लागतो.) तुलनेच्या फंक्शनात लहान-मोठ्याचे चिन्ह वापरून मजकूर ताडला, तरी निकाल तोच. युनिकोडमध्ये ‘ळ’ची जागा ‘ल’च्या लगोलग, ‘व’च्या आधी आहे, आपल्या वर्णमालेत तो ‘ह’नंतर येतो. तेव्हा भाषा सांगून तुलना करावी लागते. इंटल.कोलेटर हा ऑब्जेक्ट मराठीचा संकेत ‘एमआर’ देऊन एकदाच तयार करावा आणि त्याचे कंपेअर सॉर्टला द्यावे. प्रत्येक तुलनेच्या वेळी लोकेलकंपेअर बोलावूनही क्रम लागतो, पण मोठ्या यादीत एकदाच केलेला कोलेटर वेगवान पडतो.

आधी गाव आणि मग आडनाव असा दुहेरी क्रम हवा असेल, तर ‘लिंक’च्या देनबायसाठी वेगळी यंत्रणा उभारू नये. गावांच्या तुलनेचे उत्तर शून्य आले, तर ‘किंवा’चे चिन्ह आपोआप पुढच्या, आडनावांच्या तुलनेकडे जाते, दोन तुलनांमध्ये ते चिन्ह टाकले की काम झाले. सॉर्ट मूळ यादीच हलवते हे विसरू नये. मूळ क्रम राखायचा असल्यास २०२३ च्या आवृत्तीतील टूसॉर्टेड वापरावे, किंवा जुन्या ब्राउझरसाठी स्लाइसने प्रत काढून ती सॉर्ट करावी.

क्रमाबरोबर तुलनेचाही एक मराठी खड्डा सांगतो, कारण वरच्या ‘जुळते’लाही तो लागू आहे. ‘कऱ्हाड’ हे नाव दोन रीतींनी टंकित होते : कोणी ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याला हलंत जोडतो, तर कोणी साध्या ‘र’ला हलंत देऊन मध्ये न दिसणारे जोडचिन्ह घालतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. तीन बरोबरच्या चिन्हाला मात्र ती दोन निराळी गावे वाटतात, आणि अर्धे सभासद गावाच्या अहवालातून गळतात. मजकुराचे नॉर्मलाइझ हे काम करत नाही, कारण ते न दिसणाऱ्या जोडचिन्हाला हात लावत नाही. नोंद साठवण्यापूर्वीच ‘र’, हलंत आणि जोडचिन्ह असा क्रम सापडला की त्या जागी ‘ऱ’ आणि हलंत घालावे, आणि हेच फंक्शन शोधाच्या चौकटीतून येणाऱ्या मजकुरावरही चालवावे.